सोळाव्या लुईची क्रांती

१० ऑगस्ट १७८८ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात टिपू सुलतानाचे तीन वकील सोळाव्या लुईला भेटले. इंग्रजांविरुद्ध फ्रान्सने फौज द्यावी, हे त्यांचं मागणं होतं. थाटाचा दरबार भरला, नजराणे झाले. म्हैसूरला परतताना वकिलांना सेव्ह्रच्या कारखान्यातली उंची चिनी मातीची भांडी आणि काही कारागीर मिळाले. फौज मिळाली नाही. ती मिळणं शक्यच नव्हतं. दोनच दिवस आधी, ८ ऑगस्टला, राजाने १७५ वर्षं न भरलेली 'एता जेनेरो' ही तिन्ही वर्गांची महासभा पुढच्या मे महिन्यात बोलावण्याचं जाहीर केलं होतं. आणि वकिलांच्या भेटीनंतर सहा दिवसांनी, १६ ऑगस्टला, सरकारी खजिन्याने देणी रोखीत चुकवणं काही अंशी थांबवलं. हिंदुस्थानात इंग्रजांना शह देण्यासाठी ज्याच्याकडे लोक समुद्र ओलांडून येत होते, त्याला घरच्या सावकारांना तोंड दाखवायला जागा उरली नव्हती.

शाळेच्या पुस्तकातला सोळावा लुई आपल्या ओळखीचा आहे: जाड, मंद, कुलपं बनवण्यात आणि शिकारीत रमलेला, बायकोच्या मुठीतला. राजनिष्ठांच्या लिखाणात हाच माणूस साधा, देवभीरू, निष्पाप बळी असतो. दोन्ही चित्रांत क्रांती बाहेरून कुठून तरी येते आणि त्याच्या अंगावरून निघून जाते. घटना तारखेवार लावून पाहिल्या की मात्र हे पटेनासं होतं. १७८७ पासून १७९२ पर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या वळणावर लुईची सही सापडते, लुईचा हुकूम सापडतो, नाहीतर लुईने मागे घेतलेला हुकूम सापडतो. यातला तिसरा प्रकार सर्वांत महागात पडला.

१७७४ च्या मे महिन्यात आजोबा, पंधरावा लुई, देवीच्या आजाराने गेला तेव्हा हा १९ वर्षांचा होता. वडील आधीच वारले होते. लोकांना आपण आवडावं, ही त्याची मनापासूनची इच्छा होती आणि त्याच इच्छेपोटी त्याने गादीवर आल्या वर्षीच पहिली मोठी चूक केली. पॅरिसमध्ये आणि प्रांतोप्रांती 'पार्लमाँ' नावाची वरिष्ठ न्यायालयं होती. त्यांतल्या न्यायाधीशांच्या जागा विकत घेता येत, वारशाने मुलाकडे जात. राजाचा कायदा या न्यायालयांच्या दप्तरात नोंदला गेल्याशिवाय अमलात येत नसे, आणि नोंद अडवून धरण्याचा अधिकार ती मंडळी मनसोक्त वापरत. विशेषतः कर त्यांच्या स्वतःच्या जमिनीवर बसणार असेल तेव्हा. १७७१ मध्ये म्हाताऱ्या राजाचा मंत्री मोपू याने त्यांची ही सत्ता मोडून काढली होती. लोकांमध्ये ते अप्रिय ठरलं होतं. नातवाने नोव्हेंबर १७७४ मध्ये जुनी न्यायालयं पुन्हा बसवली, पॅरिसने जयजयकार केला, आणि पुढच्या चौदा वर्षांत करसुधारणेच्या प्रत्येक प्रयत्नाला नडणारा विरोधक राजाने आपल्या हाताने जिवंत केला.

त्याच वर्षी त्याने तुर्गोला अर्थमंत्री नेमलं. ही निवड उत्तम होती. दिवाळं नाही, करवाढ नाही, नवं कर्ज नाही, ही तुर्गोची भूमिका होती. खर्च कापायचा, धान्याचा व्यापार मोकळा करायचा, शेतकऱ्यांकडून रस्त्यांवर करून घेतली जाणारी वेठबिगार बंद करायची आणि त्याऐवजी जमीनदारांवर कर बसवायचा, असा त्याचा बेत होता. १७७५ च्या वसंतात धान्य महागलं, दंगे झाले. तरी राजा त्याच्या पाठीशी उभा राहिला. मग न्यायालयं, दरबारी आणि राणी यांचा रेटा वाढला आणि मे १७७६ मध्ये तुर्गोला घरी पाठवण्यात आलं. जाण्याआधी त्याने राजाला एका पत्रात बजावलं होतं की इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचं डोकं त्याच्या दुबळेपणामुळे गेलं, हे विसरू नका.

हा चार्ल्स लुईच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. इंग्लंडचा इतिहास त्याने लहानपणापासून वाचला होता. १७६३ मध्ये डेव्हिड ह्यूम व्हर्सायला आला तेव्हा राजघराण्यातल्या तीन छोट्या भावांनी त्याच्या इतिहासग्रंथाची तोंड भरून स्तुती केली. त्यांतला नऊ वर्षांचा थोरला म्हणजे हा लुई. पण तुर्गोने चार्ल्सच्या गोष्टीतून जो धडा काढला, तो लुईने काढला नाही. प्रजेशी युद्ध पुकारणारा राजा वधस्तंभावर जातो, असा त्याचा अर्थ त्याने घेतला. म्हणून काहीही झालं तरी प्रजेवर गोळी चालवायची नाही. पुढे संकटाची वेळ आली की तो सैन्य गोळा करायचा आणि ते वापरायचा नाही. आणलेल्या सैन्याने लोक बिथरायचे, न वापरलेल्या सैन्याने सैनिक.

पैशाची गोष्ट अमेरिकेपासून सुरू होते. फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकन बंडखोरांशी तह केला. इंग्लंडचा सूड घेण्याची ही संधी परराष्ट्रमंत्री व्हेर्जेनला सोडवत नव्हती, आणि राजाने काचकूच करत मान्यता दिली. (त्याच सुमारास सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच माणूस पुण्यात येऊन नाना फडणीसांना भेटत होता. त्याच्या पाठीशी फ्रेंच राजाचं बळ किती, हा प्रश्नच होता, पण मुंबई आणि कलकत्त्याच्या इंग्रजांना घाम फोडायला तो पुरेसा ठरला.) अमेरिकेचं युद्ध जिंकलं, आणि त्याचा खर्च शंभर कोटी लिव्रच्या वर गेला. तो जवळजवळ सगळा कर्जातून आला. ही कर्जं उभी करणारा जिनिव्हाचा बँकर नेकेर याने १७८१ मध्ये राज्याचा जमाखर्च चक्क छापून विकायला काढला. राजाचा हिशेब प्रजेला कळावा ही कल्पनाच फ्रान्समध्ये नवी होती. पुस्तक हातोहात खपलं. त्यात सुमारे एक कोटी लिव्रची शिल्लक दाखवली होती, कारण युद्धाचा खर्च 'असाधारण' म्हणून बाजूला ठेवला होता. लोकांच्या मनात राहिलं ते एवढंच की नेकेर होता तेव्हा शिल्लक होती. मग पुढे तूट निघाली, तेव्हा पैसे कोणी खाल्ले, हा प्रश्न ओघानेच आला आणि सगळ्यांचं बोट राणीकडे वळलं.

१७८८ चे आकडे या बाबतीत बोलके आहेत. खर्च ६२ कोटी ९० लाख लिव्र, उत्पन्न ५० कोटी ३० लाख. खर्चातले ३१ कोटी ८० लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त, कर्जफेडीत आणि व्याजात जात होते. दरबाराचा सगळा थाट धरूनही त्याचा वाटा शंभरात सहाच्या आसपास. राणी मारी आंत्वानेतच्या हिऱ्यांनी आणि जुगाराने फ्रान्स बुडाला नाही. पण ज्यांच्याकडे सर्वांत जास्त जमीन होती तेच सर्वांत कमी कर देत होते, आणि त्यांच्याच दागिन्यांच्या बातम्या भुकेला माणूस वाचत होता.

हे दुखणं कालोन या अर्थमंत्र्याने ऑगस्ट १७८६ मध्ये राजाला स्पष्ट सांगितलं. उपाय तुर्गोचाच, थोडा फिरवलेला: कोणालाही सूट न देता सर्व जमिनीवर कर. राजा पहिल्यांदा खरोखर उत्साहात होता. न्यायालयं अडवणार म्हणून त्याने फेब्रुवारी १७८७ मध्ये १४४ मातब्बरांची सभा बोलावली. सरदार, बिशप, न्यायाधीश. ज्यांच्या खिशात हात घालायचा त्यांनाच परवानगी विचारण्याची ही युक्ती फसली. दोन महिन्यांत राजाने कालोनला काढलं. त्यानंतर हाच क्रम कायमचा झाला: राजा सुधारणा सुचवतो, लाभार्थी विरोध करतात, राजा मंत्री बदलतो. या अपयशाचा लुईच्या मनावर फार परिणाम झाला. तो जास्त खाऊ लागला, शिकारीला जास्त जाऊ लागला, बैठकीत गप्प राहू लागला. राज्यकारभारात राणीचा शब्द वाढला तो याच काळापासून, हे लक्षात ठेवायला हवं.

नवा मंत्री ब्रिएन न्यायालयांशी झुंजत राहिला. नोव्हेंबर १७८७ मध्ये कर्जाचा हुकूम नोंदवून घ्यायला राजा स्वतः पॅरिसच्या न्यायालयात गेला. चुलतभाऊ ओर्लेआँचा ड्यूक उठून म्हणाला, हे बेकायदा आहे. गडबडलेल्या लुईने उत्तर दिलं ते असं, की माझी इच्छा आहे म्हणून हे कायदेशीर आहे. चौदाव्या लुईच्या तोंडी शोभलं असतं. याने ते बोलून आपली सगळी सौम्य प्रतिमा एका वाक्यात घालवली आणि ओर्लेआँला लोकनायक केलं.

मग १७८८ चा उन्हाळा आला. महासभा भरवावी लागणार हे दिसू लागलं तेव्हा, ५ जुलैला, राजाने एक विलक्षण फर्मान काढलं. ही सभा पूर्वी कशी भरत होती हे कोणाला नीट माहीत नाही, तरी राज्यातल्या जाणकारांनी आपली माहिती आणि मतं कळवावीत. छापखान्यावरचा पहारा व्यवहारात उठला. पुढच्या काही महिन्यांत पत्रकांचा पूर आला. धर्मगुरू सिएयेसचं तिसऱ्या वर्गावरचं गाजलेलं पत्रक याच पुरातलं. सप्टेंबरात पॅरिसच्या न्यायालयाने ठरवलं की सभा १६१४ च्या पद्धतीने भरेल, म्हणजे प्रत्येक वर्गाला एकच मत, म्हणजे धर्मगुरू आणि सरदार मिळून तिसऱ्या वर्गाला नेहमी हरवणार. कालपर्यंत लोकांचे कैवारी असलेले न्यायाधीश एका रात्रीत शत्रू झाले. राजाच्या आयुष्यात इतकी अनुकूल घडी पुन्हा आली नाही. सामान्य वर्ग त्याच्याकडे डोळे लावून बसला होता. विशेषाधिकारवाल्यांविरुद्ध आपला राजा आपल्या बाजूने आहे, अशी त्यांची समजूत होती.

लुईने अर्धं पाऊल टाकलं. २७ डिसेंबर १७८८ ला त्याने तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींची संख्या दुप्पट केली: त्यांचे सुमारे ६००, बाकी दोन वर्गांचे सुमारे ३००-३००. पण मतं डोकी मोजून घ्यायची की वर्गवार, हे सांगितलंच नाही. डोकी मोजायची नसतील तर संख्या दुप्पट करण्याला अर्थ नव्हता. मोजायची असतील तर ते तेव्हाच सांगायला हवं होतं. सगळ्या क्रांतीत मला सर्वांत अनाकलनीय वाटणारी गोष्ट हीच. बॅस्टिल नाही, गिलोटीन नाही. हे न दिलेलं उत्तर.

आणि तेवढ्यावर न थांबता त्याने देशाला बोलतं केलं. जानेवारी १७८९ च्या नियमांनुसार प्रत्येक गावाने, प्रत्येक पेशाच्या संघाने आपल्या तक्रारी लिहून पाठवायच्या होत्या. अशा हजारो वह्या भरल्या. आदल्या जुलैत गारपिटीने पीक झोपवलेलं, हिवाळा कमालीचा कडक, पावाचा भाव चढलेला. अशा वेळी चर्चच्या दाराशी गाव जमतं आणि मिठावरचा कर, सरदारांची कबुतरं, शिकारीचे हक्क, धर्माचा दशांश यांच्याविरुद्ध एकेक कलम लिहून घेतं. बहुतेक वह्यांमध्ये राजाबद्दल प्रेम ओसंडून वाहतं. राजाने विचारलं आहे, तर आता तो काहीतरी करणार, हा विश्वास त्यांत आहे. इतक्या लोकांना एकाच वेळी आशा लावण्याचं काम त्या काळी फ्रान्समध्ये दुसरं कोणी करूच शकलं नसतं.

५ मे १७८९ ला सभा उघडली आणि मतदानाचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. सहा आठवडे कोंडी. याच दरम्यान, ४ जूनला, लुईचा सात वर्षांचा थोरला मुलगा क्षयाने वारला. बाप शोकात, वाड्यात मंत्री एका बाजूला ओढणारे आणि राणी-भाऊ दुसऱ्या. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केलं. २० ला सभागृह बंद दिसलं म्हणून टेनिसच्या मैदानावर शपथ घेतली. २३ तारखेला राजा आला आणि त्याने एक पूर्ण कार्यक्रम वाचून दाखवला. सभेच्या संमतीशिवाय नवा कर नाही, नवं कर्ज नाही. मनमानी अटकेची पद्धत आणि छपाईवरचे निर्बंध यांचा फेरविचार. सहा महिन्यांपूर्वी हेच दिलं असतं तर त्याचे पुतळे उभे राहिले असते. आता त्याच तोंडाने त्याने १७ जूनचा निर्णय रद्द ठरवला, सरंजामी हक्क कायम ठेवले आणि वर्गवार बसण्याचा हुकूम दिला. तिसरा वर्ग हलला नाही. राजाने हलवलाही नाही. चार दिवसांनी, २७ जूनला, त्यानेच सरदारांना आणि धर्मगुरूंना त्या सभेत जाऊन बसायला सांगितलं.

इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण पॅरिसभोवती पलटणी जमू लागल्या, त्यांत परदेशी भाडोत्रीही, आणि ११ जुलैला त्याने पुन्हा मंत्री झालेल्या लोकप्रिय नेकेरला बडतर्फ केलं. बातमी दुसऱ्या दिवशी, रविवारी, पॅरिसला पोचली. १४ जुलैला बॅस्टिल पडलं. त्या दिवशीच्या राजाच्या रोजनिशीत 'काही नाही' असं लिहिलेलं आहे, यावरून त्याची भरपूर टिंगल होते. ती रोजनिशी मुख्यतः शिकारीची होती. त्या दिवशी शिकार झाली नाही, एवढाच तिचा अर्थ. १५ ला तो पायी सभेत गेला आणि सैन्य मागे घेत असल्याचं सांगितलं. १७ ला पॅरिसला जाऊन तिरंगी फीत टोपीला लावून घेतली. त्याचा धाकटा भाऊ, आर्त्वाचा काउंट, मात्र त्याच सुमारास देश सोडून पळाला.

यापुढे हीच चाल पुन्हा पुन्हा दिसते. ऑगस्टमधले सरंजामशाही मोडणारे ठराव आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा यांना मान्यता द्यायला त्याने आठवडेच्या आठवडे लावले. ५ ऑक्टोबरला पावसात भिजत पॅरिसच्या बाया पाव मागायला व्हर्सायवर चालून आल्या तेव्हा तो शिकारीवर होता. ८१ पक्षी-प्राणी टिपले, घटनांमुळे खंड पडला, अशी नोंद आहे. संध्याकाळी त्याने मान्यता दिली. दबाव आला की द्यायचं आणि त्याआधी कधीच द्यायचं नाही, हे लोकांना एकदा कळलं की दबाव आणणं हाच राज्यकारभाराचा मार्ग होऊन बसतो. दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब पॅरिसच्या तुइलरी वाड्यात हलवण्यात आलं.

१७९० तसं शांत गेलं. १४ जुलैच्या उत्सवात त्याने राज्यघटनेशी इमान राखण्याची शपथ घेतली आणि गर्दीने त्याचा जयघोष केला. पण चर्चची फेररचना करून पाद्र्यांना सरकारी नोकर बनवणाऱ्या कायद्यावर सही केल्याचं त्याला आतून खात होतं. पोपने त्या कायद्याचा निषेध केल्यावर तर फारच. एप्रिल १७९१ मध्ये ईस्टरसाठी शहराबाहेर जाऊ पाहणारी त्याची गाडी जमावाने अडवली. मग २० जूनच्या रात्री वेष बदलून सगळं कुटुंब पळालं. भली मोठी, अवजड घोडागाडी, वेळापत्रक कोसळलेलं, भेटायला ठरलेले घोडेस्वार वाट पाहून निघून गेलेले. सँत-मनू इथल्या टपालचौकीचा प्रमुख द्रुए याला राणीचा चेहरा पाहिल्यासारखा वाटला, आणि राजाचा चेहरा नव्या कागदी नोटेवर होताच. व्हारेन गावात त्यांना अडवलं.

पकडले जाण्यापेक्षा घातक होता तो मागे ठेवलेला कागद. निघताना लुईने स्वतःच्या हाताने लांबलचक निवेदन लिहून ठेवलं होतं: ऑक्टोबर १७८९ पासून मी जे जे मान्य केलं ते कैदेत असल्यामुळे, म्हणून ते सगळं अमान्य. त्यातच तुइलरीत सोयी नसल्याची आणि तनखा अपुरा असल्याचीही तक्रार. राजाला पळवून नेलं होतं, अशी कहाणी सभेने रचली, कारण घटनेचा मसुदा तयार होता आणि त्यात राजा हवा होता. पण कागद सर्वांनी वाचला होता. प्रजासत्ताकाची मागणी करणाऱ्या जमावावर १७ जुलैला शाँ द मार्सवर गोळीबार झाला. राजाला गादीवर ठेवण्यासाठी आता क्रांतीच क्रांतिकारकांना मारत होती. सप्टेंबरात लुईने नवी घटना स्वीकारली, आणि या शपथेवर विश्वास ठेवावा असं त्याने कोणासाठी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

घटनेने त्याला कायदा काही काळ रोखण्याचा अधिकार दिला होता. तो त्याने नेमका सर्वांत पेटत्या विषयांवर वापरला: देश सोडून गेलेले सरदार आणि चर्चच्या नव्या कायद्याची शपथ नाकारणारे पाद्री. एप्रिल १७९२ मध्ये त्याने स्वतः सभेत येऊन ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धाचा प्रस्ताव मांडला. सभेतल्या जिरोंदँ गटाला युद्ध हवं होतं, कारण त्यात राजाचा मुखवटा गळेल. दरबाराला हवं होतं, कारण फ्रान्स हरेल आणि राणीच्या माहेरची, ऑस्ट्रियाची फौज गादी सावरेल. नको म्हणणाऱ्यांत रोबेस्पिएर होता आणि त्याचं कोणी ऐकलं नाही. राणीने फ्रेंच सैन्याचे बेत ऑस्ट्रियाला आधीच कळवले होते.

त्याच्या धैर्याबद्दल मात्र शंका घेऊ नये. २० जून १७९२ ला जमाव वाड्यात घुसला, भाले आणि कुऱ्हाडी घेऊन. लुई खिडकीच्या कोनाड्यात तासन्‌तास उभा राहिला, लाल टोपी डोक्यावर घालून घेतली, राष्ट्राच्या नावाने पेला उचलला, आणि नकाराधिकार मात्र मागे घेतला नाही. मरणाला तो भ्यायला नाही. निर्णयाला भ्यायचा.

जुलैअखेर शत्रुसेनापती ब्रन्सविकने, राजाच्या केसाला धक्का लागला तर पॅरिस उद्ध्वस्त करू, असा जाहीरनामा काढला आणि राजाचं भवितव्य ठरलं. १० ऑगस्टला तुइलरीवर हल्ला झाला तेव्हा लुई कुटुंबासह सभागृहात आश्रयाला गेला होता. मागे राहिलेल्या स्विस पहारेकऱ्यांना त्याने शस्त्रं खाली ठेवण्याचा हुकूम पाठवला, पण लढाई पेटल्यावर. सुमारे ६०० स्विस मारले गेले. २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द झाली.

नोव्हेंबरात गामँ नावाच्या कुलूपकाराने सरकारला जाऊन सांगितलं की तुइलरीच्या भिंतीत एक लोखंडी कपाट आहे. ते बसवण्यात त्याने राजाला मदत केली होती. लुईला कुलपांची कला शिकवणारा हाच. कपाटातून गुप्त पत्रव्यवहार निघाला, त्यात राष्ट्रीय सभेतला पुढारी मिराबो याला दिलेल्या पैशांचे पुरावेही. सभेपुढे चाललेल्या खटल्यात सदस्य सँ-ज्युस्तचा युक्तिवाद असा होता की राजा असणं हाच गुन्हा आहे, पुरावे कशाला हवेत. बहुतेकांनी पुराव्यांचाच विचार केला. बचावासाठी पुढे आला सत्तर ओलांडलेला मालझेर्ब, तुर्गोबरोबर १७७६ मध्ये मंत्रिमंडळातून गेलेला. घटनेनुसार राजाची व्यक्ती अनुल्लंघनीय आहे, हा बचावाचा मुख्य आधार. दोषी तर जवळजवळ एकमताने ठरला. ७२१ पैकी ३६१ जणांनी विनाअट मृत्युदंड मागितला. त्यांत चुलतभाऊ ओर्लेआँही होता, आता नाव बदलून 'फिलिप समता' झालेला. २१ जानेवारी १७९३ ला शिक्षा अमलात आली.

१७८९ मध्ये पळालेला आर्त्वाचा काउंट, पुढे राजेशाही परत आल्यावर, १८२४ मध्ये दहावा चार्ल्स म्हणून गादीवर आला. थोरल्या भावाचं डोकं सवलती देण्यामुळे गेलं, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून त्याने एकही सवलत द्यायची नाही असं ठरवलं. जुलै १८३० मध्ये नवी निवडलेली सभा बरखास्त करणारे आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य हिरावणारे हुकूम त्याने काढले. पॅरिसने तीन दिवसांत त्याला हुसकावलं, आणि गादी गेली लुई-फिलिपकडे. मृत्युदंडाच्या बाजूने मत देणाऱ्या त्या ओर्लेआँच्या मुलाकडे.